सोडियम कमी झालंय, पायाला सूजही आहे, मग मीठ द्यायचं की बंद करायचं?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, सासूबाईंबद्दल विचारायचंय. वय ७१, वजन ४८ किलो, बीपी बऱ्याच वर्षांचा. गोळीत टेल्मिसार्टन आणि क्लोर्थालिडोन एकत्र आहे, शिवाय अम्लोडिपिन वेगळी. संध्याकाळी पायाला सूज यायची म्हणून नणंदबाईंनी सांगितलं की दिवसाला ५ लिटर पाणी प्या, किडनी साफ होते, सूज उतरते. मीच तांब्या भरून जवळ ठेवायचे. जेवण त्यांचं मुळातच कमी, सकाळी चहा-टोस्ट, दुपारी अर्धी भाकरी नाहीतर भाताची पेज, रात्री परत चहा-टोस्ट. काही आठवड्यांनी मळमळ सुरू झाली, तोल जायला लागला, एके दिवशी मलाच ओळखेनात. ऍडमिट केलं तर सोडियम ११९. चार दिवस ठेवून घेतलं, १३१ झाल्यावर सोडलं. कार्डावर लिहिलंय पाणी १ लिटर, मीठ बेताने. आता शेजारच्या काकू म्हणतात सोडियम म्हणजे मीठच की, ते कमी झालं तर वरून मीठ द्या. भाऊजी म्हणतात सूज अजून आहे, मीठ पूर्ण बंद करा, आणि दवाखान्याने चार दिवस उगाच बिल वाढवायला ठेवलं. नणंदबाई म्हणतात १ लिटरवर ठेवलं तर किडनी जाईल. मी नक्की कुणाचं ऐकू? (एक सून, बार्शी)

उत्तर : ताई, बाकीचं नंतर वाचा, आधी गोळ्यांचा डबा उघडा. डिस्चार्ज कार्डावर आता बीपीची कुठली गोळी लिहिलीय आणि डब्यात कुठली पडलीय ते शेजारी शेजारी ठेवून बघा, आणि पाकिटावरच्या मोठ्या नावावर जाऊ नका, मागे बारीक अक्षरात आतली औषधं लिहिलेली असतात ती वाचा. क्लोर्थालिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड, इंडापमाइड यातलं एखादं नाव दिसलं तर त्यात लघवीची गोळी मिसळलेली आहे. सोडियम ११९ पर्यंत गेलेल्या पेशंटची ही गोळी शक्यतो बंद करतात आणि नुसती टेल्मिसार्टन वगैरे लिहून देतात, पण घरी आल्यावर काय होतं की महिन्याचा स्टॉक आणून ठेवलेला असतो, वाया कशाला घालवायचा म्हणून जुनंच पाकीट चालू राहतं. गोळी बदलली का हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही म्हणून मला पहिली धास्ती त्याचीच वाटतेय. कार्डावर बंद लिहिलं असेल तर ते पाकीट आजच डब्यातून बाहेर काढा. स्पष्ट काही लिहिलं नसेल तर घरच्या घरी ठरवू नका, ज्यांनी सोडलं त्या डॉक्टरांना फोन करून एवढंच विचारा की लघवीची गोळी चालू ठेवायची का.

हं, आता भांडणाकडे येऊ. तुमच्याकडे झालंय असं की तिघंही थोडे थोडे बरोबर बोलतायत आणि तिघांचंही ऐकलं तर सासूबाई पुन्हा ऍडमिट होतील.

सोडियमचा रिपोर्ट म्हणजे अंगात मीठ किती आहे त्याचा आकडा नाही. इथे भल्याभल्यांचा घोळ होतो. लॅबवाले बघतात ते रक्ताच्या एका लिटरमागे सोडियम किती, बास. आमटी चाखली की ती अळणी आहे का खारट ते कळतं, पण पातेल्यात वाटीभर उरलीय का काठोकाठ भरलीय ते चवीवरून नाही कळत. नॉर्मल १३५ च्या पुढे असतं, म्हणजे ११९ झालं की आमटी अळणी झालीय, एवढंच. ती मीठ कमी पडून अळणी झाली का कुणी तांब्याभर पाणी ओतलं म्हणून, ते त्या आकड्यात लिहिलेलं नसतं, ते पेशंटकडे बघून आणि घरच्यांना विचारून शोधावं लागतं. आणि तुमच्याकडे तांब्या तर पत्रातच आहे. (हे तुम्हाला लागावं म्हणून म्हणत नाहीये. सांगितलं तसं तुम्ही केलंत, आणि ५ लिटरचा तो सल्ला निम्म्या महाराष्ट्राच्या मोबाइलवर फिरतोय.)

आपलं शरीर या दोन गोष्टी दोन वेगळ्या यंत्रणांनी सांभाळतं. रक्त किती पातळ किती घट्ट, हे ते पाणी कमीजास्त करून जमवतं. आणि अंगात एकूण द्रव किती, नसा किती भरलेल्या, हे मुख्यतः मीठ कमीजास्त करून. म्हणजे सोडियमचा आकडा घसरला तर आधी पाण्याची गडबड शोधायची, आणि अंगभर सूज आली तर मिठाची. ऐकायला उलटं वाटतं, पण एकदा हे डोक्यात बसलं की कार्डावर 'पाणी १ लिटर' आणि 'मीठ बेताने' हे दोन्ही एकाच वेळी का लिहिलंय ते आपोआप कळतं.

थोडे आकडे घेऊ, सासूबाईंचेच. त्यांच्या वयाच्या बारीक बाईच्या ४८ किलोत साधारण २२ लिटर पाणी असतं. त्यातलं दोन तृतीयांश, म्हणजे १४-१५ लिटर, पेशींच्या आत. उरलेलं ७ लिटरच्या आसपास पेशींच्या बाहेर, आणि त्यातलंही बरंचसं पेशींच्या फटींमधे, नसांमधे फिरणारा रक्ताचा पातळ भाग जेमतेम दोन लिटर. पाणी पेशींच्या आत-बाहेर सहज जातं-येतं. सोडियमला मात्र पेशीत थारा नाही, प्रत्येक पेशीच्या भिंतीवर पंप बसवलेत, ते सोडियम आत शिरलं की बाहेर काढत राहतात. म्हणून सोडियम राहतं बाहेर, आणि जिथे सोडियम तिथे पाणी थांबतं.

आता समजा अंगात ३ लिटर नुसतं पाणी साठलं. ते सगळीकडे पसरतं, दोन लिटर पेशींच्या आत जातं, एक लिटर बाहेर राहतं, आणि त्यातलं नसांमधे येतं पाव लिटर. पायाला त्याची फारशी सूज दिसत नाही, बीपीलाही फारसा पत्ता लागत नाही. पण २२ लिटरचे २५ झाले, म्हणजे १४० चं सोडियम १२३ वर आलं, आणि पेशींच्या आत जे दोन लिटर गेले त्यात मेंदूच्या पेशी पण आल्याच की. हाताला सूज आली तर हात फुगतो, मेंदू कवटीत आहे, तो फुगून जाणार कुठे? मळमळ, डोकं जड, तोल जाणं, माणूस न ओळखणं, आणखी खाली गेलं तर फिट येणं, हे सगळं त्यातनं येतं. त्या 'वयामुळे बरळत' नव्हत्या, हे घरात सगळ्यांना सांगा.

उलट ९ ग्रॅम मीठ जर अंगात अडकलं तर ते पेशीबाहेरच राहतं आणि आपल्यासोबत साधारण १ लिटर पाणी धरून ठेवतं. रिपोर्टमधे सोडियम नॉर्मल, १३८, १४०, आणि वजन मात्र एक किलोने वाढलेलं. हे पाणी जातं पायाला, घोट्याला, फार झालं तर फुफ्फुसाला. काकूंचा 'वरून मीठ द्या' हा सल्ला इथे फसतो.

मग किडनी काय करत होती, असं तुम्ही विचाराल. किडनीचं काम किती अफाट आहे बघा. तरुण धडधाकट माणसाच्या दोन किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला ९९ टक्के परत रक्तात घेतात, लघवी होते दीड-दोन लिटर. त्या गाळलेल्या पाण्यात मीठच मोजलं तर जवळपास दीड किलो भरेल, रोजचं. ते दीड किलो परत आत ओढायचं आणि आपण जेवढे ८-१० ग्रॅम खाल्लं तेवढंच बरोब्बर बाहेर टाकायचं. त्यातला मोठा वाटा, साधारण दोन तृतीयांश, किडनीतल्या बारीक नळीच्या पहिल्याच भागात परत घेतला जातो, तिथे फार चर्चा नाही. खरा हिशोब होतो शेवटच्या काही टक्क्यांवर, आणि तिथे हार्मोन्सचं राज्य आहे.

पाण्यासाठीचं हार्मोन म्हणजे एडीएच, त्याला व्हासोप्रेसिन पण म्हणतात. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमधे तयार होतं, पिट्युटरीच्या मागच्या भागात साठवलं जातं. रक्त एक-दोन टक्क्यांनी जरी घट्ट झालं तरी ते सुटतं आणि त्याच सुमाराला तहान पण लागते. एडीएच किडनीच्या शेवटच्या नळीवर पोचलं की त्या नळीच्या भिंतीत पाण्याची बारीक दारं बसतात, ॲक्वापोरिन, आणि पाणी परत आत ओढलं जातं, लघवी पिवळीजर्द आणि थोडी. पाणी जास्त प्यालात की एडीएच बंद, दारं आत घेतली जातात, लघवी पांढरी आणि भरपूर. (ही दारं शोधली म्हणून पीटर ॲग्रे यांना २००३ साली केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं, त्याआधी पाणी पेशीत जातं कसं यावरच वाद चालायचे.)

म्हणजे नियमाप्रमाणे सासूबाईंच्या किडनीने ते ५ लिटर पाणी बाहेर फेकायला पाहिजे होतं. तरुण माणसाची किडनी फेकते पण, तो दहा लिटरही पचवेल. इथे तीन-चार गोष्टी एकदम जुळून आल्या, आणि मला वाटतं तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द पाणी नाहीच, टोस्ट आहे.

किडनी नुसतं पाणी बाहेर टाकू शकत नाही. लघवी कितीही पातळ केली तरी तिच्यात काहीतरी विरघळलेलं लागतंच, प्रत्येक लिटरमागे निदान ५० मिलिऑस्मोल (विरघळलेले कण मोजायचं माप), ही झाली तरुण किडनीची हद्द. हे विरघळलेलं येतं कुठून, तर जेवणातून, प्रोटीनपासून तयार होणारा युरिया, मीठ, पोटॅशियम. व्यवस्थित जेवणाऱ्या माणसाकडे दिवसाला ६०० ते ९०० मिलिऑस्मोल जमतात, म्हणून त्याला भरपूर पाणी बाहेर काढता येतं. चहा, टोस्ट आणि पेजेवर असलेल्या बाईकडे जमतात समजा २५०. त्यात वयामुळे किडनीची पातळ लघवी करायची ताकद कमी झालेली, आणि वर ती क्लोर्थालिडोन, जी नळीच्या नेमक्या त्याच भागावर बसते जिथे लघवी पातळ केली जाते. तर त्यांची किडनी लिटरमागे १०० च्या खाली जाऊ शकत नाही असं धरू. २५० भागिले १००, अडीच लिटर. यापेक्षा जास्त लघवी त्यांना करताच येत नाही, एडीएच पूर्ण बंद असलं तरी. आणि तांब्यातनं जातंय ५ लिटर. घाम, श्वास यातनं थोडं जात असेल, बाकीचं रोज साठत गेलं.

वर आणखी एक. मळमळ स्वतःच एडीएच वाढवते, आणि फार जोरात वाढवते. म्हणजे सोडियम घसरलं म्हणून मळमळ, मळमळली म्हणून एडीएच सुटलं, त्याने आणखी पाणी अडवलं, सोडियम आणखी खाली. आणि घरचे म्हणणार, मळमळतंय ना, मग लिंबूपाणी घ्या थोडं.

वय झालेली, बारीक अंगाची बाई आणि तिला क्लोर्थालिडोनसारखी थायझाइड जातीची लघवीची गोळी, हे समीकरण मेडिसिनच्या प्रत्येक डॉक्टरला पाठ असतं. गोळी वाईट नाहीये, बीपीला चांगली आहे, लाखो लोक घेतात आणि त्यांना काही होत नाही. पण चालू केल्यावर दोन-चार आठवड्यांत एकदा सोडियम-पोटॅशियम तपासायचं असतं आणि ते बऱ्याचदा राहून जातं.

आता दुसरी यंत्रणा, मिठाची. तिचा पहारा किडनीतच आहे. किडनीत रक्त आणणाऱ्या बारीक धमनीच्या भिंतीत काही पेशी दाब मोजत बसलेल्या असतात आणि शेजारच्या नळीतून मीठ किती वाहतंय त्याचीही खबर त्यांना मिळते. दाब कमी पडला, मीठ कमी आलं, की त्या रेनिन सोडतात. (रेनिन फार जुनं आहे, १८९८ साली स्वीडनमधे सापडलेलं, पण त्याचं पुढे काय होतं हे कळायला पन्नासेक वर्षं गेली.) रेनिनपासून पुढे लिव्हरमधल्या एका प्रोटीनचं अँजिओटेन्सिन होतं, फुफ्फुसात त्यावर शेवटची प्रक्रिया होते, मग ते नसा आवळतं आणि किडनीच्या डोक्यावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथीला सांगतं की अल्डोस्टेरॉन सोड. अल्डोस्टेरॉन किडनीला सांगतं मीठ धरून ठेव, पोटॅशियम सोडून दे. मीठ धरलं की पाणी येतंच मागोमाग.

याच्या उलट कामाचं हार्मोन चक्क हृदयात तयार होतं. १९८१ साली कॅनडात अडोल्फो डी बोल्ड यांनी उंदराच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क काढून दुसऱ्या उंदरांना टोचला, तर त्यांच्या लघवीतून मीठ धो धो वाहायला लागलं. तोवर हृदय म्हणजे पंप एवढंच माहीत होतं. कप्पे ताणले गेले की ते हे हार्मोन सोडून किडनीला सांगतात की आता बास, मीठ बाहेर काढ. आज दम लागलेल्या पेशंटची जी बीएनपी नावाची रक्ताची टेस्ट करतात ती त्याच घराण्यातली.

सासूबाईंची टेल्मिसार्टन याच साखळीत पाचर मारते, अँजिओटेन्सिनला जागेवर बसू देत नाही. म्हणून या गोळीवर पोटॅशियम थोडं वर राहतं, ते पुढे लागेल, लक्षात ठेवा.

म्हणजे मग पायाची सूज मिठाने आली असं धरायचं का? इथे जरा थांबा. तुमच्या यादीत अम्लोडिपिन आहे, आणि अम्लोडिपिनची घोट्याची सूज ही वेगळीच भानगड आहे. ही गोळी बारीक धमन्या सैल करते, बीपी उतरतो, पण त्यापुढच्या केशवाहिन्यांवर दाब वाढतो आणि त्यातनं पाणी आजूबाजूला झिरपतं, दिवसभर उभं राहून संध्याकाळी घोट्याशी जमतं, सकाळी बरंचसं उतरतं. अंगात मीठ किंवा पाणी जास्त झालेलंच नसतं, नुसतं जागा बदलून बसलेलं असतं. म्हणून अशा सुजेवर लघवीची गोळी फारशी चालत नाही, मीठ पूर्ण बंद करून उपयोग नाही, आणि पाणी पिऊन तर अजिबातच नाही. डोस कमी केला किंवा गोळी बदलली की उतरते. मला पत्रावरून दाट शंका या गोळीचीच आहे, पण पत्रावरून शंकाच घेता येते.

कारण सूज हृदयाची असू शकते, किडनीतून प्रोटीन जात असेल तर त्याची असू शकते, लिव्हरची असू शकते. उताणं झोपल्यावर दम लागतो का, उशा वाढवाव्या लागतात का, लघवीला फेस येतो का, डोळ्यांखाली सकाळी सूज असते का, हे बघा. लघवीची साधी तपासणी, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ताची टेस्ट), अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन), ईसीजी आणि गरज वाटली तर टू-डी इको, एवढ्यात बहुतेक उलगडा होतो. दवाखान्यात यातल्या काही झाल्याच असतील, कागद काढून बघा.

हृदय कमकुवत असलं तर काय होतं ते सांगते, कारण काकूंचा सल्ला तिथे जिवावर येतो. पंप मंद, धमन्यांमधे रक्त कमी पोचतं, पहारेकरी पेशी समजतात अंगात पाणीच संपलंय. प्रत्यक्षात पाय सुजलेत, पोटात पाणी आहे, फुफ्फुसं ओली आहेत, आणि किडनी मात्र दुष्काळ पडल्यासारखी मीठ धरून बसलीय. रक्ताचा भरणा असा आठ-दहा टक्क्यांनी कमी भासला की एडीएच पण सोडियमचा आकडा बघायचं सोडून देतं आणि पाणी अडवायला लागतं, कारण शरीराच्या लेखी आधी बीपी टिकवणं, चव नंतर. म्हणून अशा पेशंटमधे मीठही जास्त, पाणी त्याहून जास्त, आणि रिपोर्टमधे सोडियम कमी. त्याला 'सोडियम कमी आहे' म्हणून मीठ चारलं तर दोन दिवसांत दम लागून यायचा.

भाऊजींचं 'मीठ पूर्ण बंद' मला तितकंच नको आहे. अळणी जेवण म्हातारी माणसं खात नाहीत, आधीच अर्धी भाकरी, ती पाव होईल, मग ते विरघळणारं आणखी कमी आणि पाणी बाहेर काढायची ताकद आणखी कमी. आणि लघवीची गोळी चालू असताना मीठ तोडलं तर सोडियम घसरायला मदतच होते. भाजी-आमटीत सगळ्यांना घालता तेवढंच, हात जरा आखडून. पानात वरून मीठ नाही. पापड, लोणचं, खारे शेंगदाणे, फरसाण, खारी बंद. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचा, आणि त्यात भाकरीतलं मीठ पण आलं. सैंधव घातलं तर चालतं असं कुणी सांगेल, सैंधव पण जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच आहे, रंग वेगळा. आणि 'लो सोडियम' म्हणून जे मीठ मिळतं त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं, टेल्मिसार्टन घेणाऱ्या माणसाला ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नका. शहाळ्याचं पण तेच, त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडं, 'अशक्तपणा आलाय, रोज एक शहाळं' हे सध्या नको.

खरा बदल ताटात करायचाय. वाटीभर घट्ट वरण, अंडं चालत असेल तर अंडं, दही, मुगाचं धिरडं, पनीर, जे त्यांना आवडेल ते, थोडं थोडं पण चार वेळा. क्रिएटिनिन नॉर्मल असेल तर प्रोटीनला घाबरू नका. प्रोटीनचा युरिया होतो आणि तो युरिया जाताना पाणी घेऊन जातो. सोडियम कमी असलेल्या काही पेशंटना युरोपात चक्क युरियाची पावडर औषध म्हणून देतात, चव भयंकर असते म्हणे. त्यापेक्षा पिठलं बरं.

पाणी १ लिटर म्हणजे काय, हे घरी कुणी नीट सांगत नाही. त्यात चहा, ताक, पेज, आमटीचं पाणी, गोळ्यांसोबतचं पाणी सगळं धरायचं. सोपी पद्धत सांगते. सकाळी लिटरची बाटली भरा. चहा दिला की जेवढा कप तेवढं बाटलीतनं ओतून टाका. रात्री बाटली संपली की दिवस संपला. तोंड कोरडं पडलं तर चूळ भरायची, लवंग-वेलची चघळायची, बर्फाचा खडा तोंडात ठेवायचा. आणि हा १ लिटर कायमचा नाहीये! सोडियम घसरायचं कारण जर ती लघवीची गोळीच असेल तर गोळी थांबल्यावर आणि जेवण सुधारल्यावर किडनी पुन्हा पाणी फेकायला लागते, मग डॉक्टर मर्यादा सैल करतात. तुमच्याकडचा उन्हाळा लक्षात घेता ते आठवणीने विचारा, ४२ डिग्रीत १ लिटरवर ठेवणं धोक्याचं ठरू शकतं, घामातलं पण मोजावं लागतं.

नणंदबाईंना सांगायचं असेल तर असं सांगा की जास्त पाणी हे मुतखड्याच्या लोकांना सांगतात आणि ते तिथे बरोबरच आहे, त्यांना दिवसाला अडीच लिटर लघवी व्हायला पाहिजे. पण किडनी म्हणजे बाथरूमची मोरी नाही, बादली ओतली की साफ होते असं नसतं. निरोगी किडनीला तहानेइतकं पाणी पुरतं. काही दिवस १ लिटरवर राहून, बीपी आणि लघवी ठीक असेल तर, किडनी जात नाही. किडनी जाते ती गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी, त्यातून टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी सोबत असेल तर तिन्ही मिळून फार लवकर. या गोळ्यांनी मीठ आणि पाणी अडून सूजही वाढते. गुडघ्यासाठी सासूबाई असं काही घेतात का, हे हळूच विचारा, बऱ्याच जणी सुनेला सांगत नाहीत.

चार दिवसांच्या बिलाबद्दल भाऊजींना एवढंच. असं हळूहळू घसरलेलं सोडियम झटकन वर आणता येत नाही. आणायचंच तर सलाईनने एका दिवसात १४० करता येतं, पण तोवर मेंदूच्या पेशींनी कमी सोडियमशी जुळवून घेतलेलं असतं, एकदम वर नेलं की मेंदूतल्या मज्जातंतूंवरचं आवरण उतरतं, आणि माणूस बोलायचा, गिळायचा, हलायचा थांबू शकतो. म्हणून २४ तासांत ८ च्या आसपास, जास्तीत जास्त १०, एवढंच वाढवायचं आणि दिवसातून दोन-तीनदा रक्त काढून बघत बसायचं. ११९ वरून १३१ ला चार दिवस लावले हे चांगलं केलं त्यांनी.

रात्री लघवीला उठावं लागतं का हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण पाय सुजणाऱ्यांना उठावं लागतंच, कारण आडवं झालं की पायातलं पाणी परत रक्तात येतं, हृदयाचे कप्पे ताणले जातात, मीठ बाहेर काढणारं ते हार्मोन सुटतं आणि किडनी रात्रपाळी करते. दुपारी तासभर पाय उशीवर ठेवून आडवं पडू द्या, म्हणजे ते पाणी संध्याकाळीच निघून जाईल. त्यांचा तोल अजून सावरतोय, रात्री बाथरूमपर्यंतचा दिवा चालू ठेवा.

जुलाब-उलट्या लागल्या तर मात्र वरचं सगळं बाजूला. तेव्हा मीठ आणि पाणी दोन्ही जातं, तिथे नुसतं पाणी पाजणं चूक आणि पाणी तोडणं त्याहून चूक, जागतिक आरोग्य संघटनेचा फॉर्म्युला लिहिलेलं ओआरएसचं पाकीट लागतं. साखर असली की आतडं मीठ आत घेतं आणि मिठामागे पाणी जातं, १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या साथीत हेच पाजून कितीतरी जीव वाचवले. पण सासूबाईंच्या बाबतीत अशा वेळी टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी थांबवायची का हे त्याच दिवशी फोन करून विचारायचं, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

साधा वजनकाटा आणा. रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करून वहीत लिहा. दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं तर ती चरबी नव्हे, ते मीठ-पाणी आहे, दाखवायला न्या. वजन वाढलेलं नसलं तरी परत मळमळ, पेंगणं, अडखळणं, बोलण्यात घोळ, असं काही दिसलं तर सोडियम परत घसरलंय असं समजून त्याच दिवशी रक्त तपासा, आणि फिट आली किंवा जाग्याच होत नसल्या तर फोनाफोनीत वेळ न घालवता थेट कॅज्युअल्टी.

१३१ वर सोडलंय, म्हणजे अजून नॉर्मल नाही, १३५ च्या पुढे जायला हवं. सोडल्यापासून आठवड्याच्या आत सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन परत करा. थायरॉइडची आणि सकाळच्या कॉर्टिसॉलची (ॲड्रिनल ग्रंथीचं आणखी एक हार्मोन) टेस्ट झालीय का तेही विचारा, ते दोन्ही कमी असले तरी सोडियम घसरतं. झोपेची किंवा मूडची कुठली गोळी चालू असेल तर तेही सांगा, त्यातल्या काही एडीएच वाढवतात. जाताना वजनाची वही घ्या, आणि घरातली सगळी पाकिटं, अर्धी संपलेली, रिकामी, उशीखाली ठेवलेली, सगळी एका पिशवीत घालून डॉक्टरांच्या टेबलावर ओता.